एल्सिनाचे वासे

समोरच्या ट्रकने एकाएकी ब्रेक मारला आणि वीस-बावीस लांबलचक वासे व्हर्लिनाच्या गाडीच्या काचेपुढे हातभर अंतरावर येऊन थांबले. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. शेजारच्या सीटवरची पर्स खाली घसरली, तिच्यातली टाचण्यांची डबी उघडली आणि टाचण्या पायाशी सांडल्या. तिने खाली पाहिलंच नाही. वाशांचे बुडखे बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत होते. कालपरवाच कापलेले असावेत. ओले, पिवळसर पांढरे, मधोमध बारीक बारीक वर्तुळं आणि त्यांच्या कडेला राळेचे टपोरे थेंब. सगळ्यात लांब वाशाला लाल चिंधी बांधली होती, ती अजून झुलत होती. जूनचा महिना म्हणून काच खाली केलेली. त्यामुळे तो वास सरळ आत आला आणि पुढचं काही कळायच्या आत तिच्या घशापर्यंत उतरला. सोललेल्या काकडीसारखा गार, त्याखाली राळेचा तिखटपणा. सिग्नल हिरवा झाला, ट्रक डावीकडे वळून निघून गेला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, आणि बिलिंग्स शहरातल्या त्या भर चौकात व्हर्लिना स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली. आईचे, एल्सिनाचे वासे! आई जाऊन सोळा महिने झाले होते, आणि सोळा महिन्यांत आईच्या वाशांची आठवण तिला एकदाही झाली नव्हती.

म्हणजे आईची आठवण येत नव्हती असं नाही. ती रोजच यायची. पाव कापताना यायची, कुणी रस्त्यात मोठ्याने हसलं की यायची. आई गेल्यावर त्यांच्या आदिवासी जमातीच्या रीतीप्रमाणे तिचं सगळं वाटून टाकलं होतं. घोंगड्या, किटल्या, मण्यांचे पट्टे, हिवाळ्याचा कोट, एकूण एक. वडिलांच्या कुळातल्या माणसांना बोलावून, एकेकाचं नाव पुकारून. टिपीचं, म्हणजे वाशांवर ताणायच्या शंकूसारख्या तंबूचं, कापड तेवढं आईने हयातीतच व्हर्लिनाकडे दिलं होतं, ते तिच्या कपाटाच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं होतं. पण वाशांचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. ते गावाकडे लॉज ग्रासला, धाकट्या भावाच्या, डेल्बर्टच्या घरामागे, नेहमीच्या जागी पडून राहिले. आणि आता तिला ऐकू आला तो आईचा टेलिफोनवरचा आवाज. ती जाण्याआधीच्या उन्हाळ्यातला. "पोरी, वासे उलटे करायला हवेत. एका कुशीवर फार दिवस झोपलेत." "येते गं पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी दोन लग्नं होती. व्हर्लिना नवऱ्या मुलींचे झगे अंगाबरोबर करून देणाऱ्या दुकानात काम करायची, आणि जून-जुलैत तिथे श्वास घ्यायला फुरसत नसे. पंधरा दिवसांनी आई पुन्हा म्हणाली, "वासे राहिलेत गं." ऑगस्टमध्ये, जिथे सगळी जमात आपापल्या टिप्या उभारते त्या जत्रेच्या तोंडावर, आणखी एकदा. त्यात तक्रार नव्हती. घरात मीठ संपलंय असं सांगावं तशी ती सांगायची. चौथ्यांदा काही तिने सांगितलं नाही. त्या वर्षी जत्रेत त्यांची टिपी उभी राहिली नाही आणि फेब्रुवारीत आई गेली.

दुकानाच्या दारापर्यंत ती गेली. गाडीतून उतरलीसुद्धा. काचेतल्या पुतळ्यावर तिनेच परवा टाचलेला साटिनचा झगा होता, त्याची किनार घालायची तेवढी राहिली होती. मालकीण कॉनी आतून हात हलवत होती. व्हर्लिनाने दार अर्धवट उघडलं आणि म्हणाली, "कॉनी, आज किनार तू घाल." कॉनीला वाटलं, थट्टा करतेय. "उद्या लग्न आहे त्या मुलीचं!" "माहितीय. मला घरी जायचंय." "का? कुणाला काही झालं का?" "आईकडे," ती म्हणाली, आणि कॉनीचा चेहरा कसा होतो ते न पाहता परत गाडीत येऊन बसली. टाचण्या चपलेखाली कुरकुरल्या.

शहर संपून टेकड्या सुरू झाल्या तसं तिचं मन गाडीच्या पुढे धावायला लागलं, पण ते पुढच्या वाटेवर नव्हे, मागच्या दिवसांत जात होतं. ती अकरा वर्षांची होती. डेल्बर्ट सात वर्षांचा, गाडीच्या मागे पोत्यांवर झोपलेला. आई बिगहॉर्नच्या डोंगरात उत्तरेच्या उतारावर गाडी थांबवायची. तिथे पाइनची झाडं इतकी दाट की आडवं चालावं लागे. "उजेडासाठी ढकलाढकली चाललीय यांची," आई म्हणायची, "म्हणून बघ कशी सरळ गेलीत. मोकळ्यावरचं झाड आळशी. हातपाय पसरून बसतं." आई बुटकी होती. झाडाला बिलगून उभी राही, दोन्ही पंजांनी बुंधा धरी, अंगठ्याला अंगठा आणि बोटांना बोटं टेकली की मान हलवी. मग मागे सरे, एक डोळा मिटे, झाडाभोवती फिरून पुन्हा एक डोळा मिटे. इकडून सरळ दिसणारं झाड तिकडून पाहिलं की हमखास पोटात वाकलेलं निघे. "माणसासारखंच," आई म्हणे आणि स्वतःच खदखदून हसे. पटलं की पिशवीतून चिमूटभर तंबाखू काढून बुंध्याशी ठेवायची, प्रार्थना पुटपुटायची, आणि मग मामा करवत लावायचे. निवड आईची, करवत मामांची. टिपी बाईची असते. कापड तिचं, वासे तिचे. "नवरा तिच्यात पाहुणा," आई सांगायची, "बरा वागला तर जेवतो."

साल सोलायचं काम पोरांचं. दोन मुठींचं पातं अंगाकडे ओढायचं, लांब ओल्या पट्ट्या निघत. राळेने हात काळेकुट्ट होत आणि साबणाने निघत नसत, चरबी चोळावी लागे. फांद्यांच्या गाठी तासून अगदी सपाट करायच्या. आई डोळे मिटून वाशावरून तळहात फिरवी, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत, आणि जिथे अडे तिथे पुन्हा पातं चालवायला लावी. पाऊस आला की पाणी वरून वाशांच्या अंगानेच खाली उतरतं. वासा गुळगुळीत असला तर ते निमूटपणे जमिनीपर्यंत जातं आणि गाठ राहिली असली तर तिथेच टपकतं. व्हर्लिनाने कंटाळून एक गाठ तशीच ठेवली होती. आईच्या हाताला ती लागली नसेल असं शक्यच नव्हतं. पण ती काही बोलली नाही. त्या वर्षी जत्रेत टिपी उभारताना तिने तो वासा नेमका व्हर्लिनाच्या अंथरुणावर येईल असा लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. टप. टप. कपाळावर. सगळे कोरडे आणि ही एकटी भिजलेली. "ज्याची गाठ त्याच्या डोक्यावर," आई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. त्या वेळी व्हर्लिना रागाने रडली होती. आता वळणावर गाडी सावरताना तिला हसू आलं आणि हसता हसता एकदम वाटलं, तीन वेळा आईचा फोन आला होता. त्या तीन वेळा आपण कुठल्या मुलीच्या कमरेवर टाचण्या लावत होतो? एकीचाही चेहरा आठवेना.

डेल्बर्ट कामावर गेला होता, त्याचा ट्रक दारात नव्हता. कुत्रं एकदा भुंकलं आणि ओळख पटल्यासारखं गप्प झालं. घरात न जाता ती सरळ मागे गेली. वासे ठेवायचा मांडव म्हणजे लोखंडी घोडे, दोन टोकांना दोन आणि मधे एक, मामांनी जोडून दिलेले. त्यातल्या एका टोकाच्या घोड्याचा पाय जमिनीत रुतला होता आणि सगळी रास त्या अंगाला कलली होती. गवत आतून वर आलं होतं. खालची रांग मातीला टेकलेली. तिने वरचा वासा हलवून पाहिला. तो राखाडी, कोरडा आणि ठणठणीत निघाला. त्याखालचा पोटात वाकला होता. सगळ्यात खालच्यावर बोट दाबलं तर बोट आत गेलं. भिजलेल्या पावासारखं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे घर कुठे फिरलं होतं? घराची बाई तेवढी गेली होती, आणि वासे आपले पडल्या जागी वाकत राहिले होते. मातीला टेकलेल्या एका वाशावर तिच्या हाताला काहीतरी लागलं. ती गाठ. पंचेचाळीस वर्षं आईने ती तासली नव्हती. व्हर्लिना गवतात बसली. गाठीवर अंगठा दाबला. वासा इतका कुजला होता की दाबल्यावर गाठच सुटून हातात आली.

मग ती उठून मोजायला लागली, काहीतरी करायचं म्हणून. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच. एकवीस हवेत. आणि नव्हते ते कुठले तर पायाचे दोन. टिपी उभारताना सगळ्यात आधी चार वासे एकत्र बांधून उभे करायचे, बाकीचे सगळे त्यांच्यावर रेलतात. त्या चारांतले दोन. आईचे सगळ्यात सरळ, सगळ्यात लांब वासे. व्हर्लिनाने मान वळवून डेल्बर्टच्या घोड्यांच्या कुंपणाकडे पाहिलं, आडवे लावलेले एकेक लाकूड निरखून पाहिलं. तिथे नव्हते. मग विकले असतील. शहरातली माणसं बागेत उभे करायला घेतात. कानशिलं तापली तिची. आणि त्या रागात, स्वतःशी कबूल करायला लाज वाटावी असा, एक सुटकेचा भाग होता. चूक करणारी आपण एकटी नव्हतो तर.

"ताई? कधी आलात?" डेल्बर्टची बायको लोरिटा मागच्या दारात हात पुसत उभी होती.

"पायाचे दोन वासे कुठेत?" व्हर्लिनाने कशी आहेस, बरी आहेस का, काही विचारलं नाही.

लोरिटाने तिच्याकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. "आत या," ती म्हणाली.

"आत नको. कुणाला दिले?"

"अहो, कुणाला नाही दिले. आत तर या!"

आईच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात व्हर्लिनाने त्या उन्हाळ्यापासून, अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा, पाऊल टाकलं नव्हतं. आली तरी स्वयंपाकघरात बसून परत जायची. आता लोरिटाने दिवा लावला आणि बोळाच्या दोन्ही भिंतींना, कमरेच्याही खाली, खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत, ते दोन वासे आडवे बसवलेले दिसले. बोळात मावावेत म्हणून कापलेले. टोकं गोल केलेली.

"सासूबाई पडल्या, तेव्हापासून त्यांना कशाला तरी धरल्याशिवाय चालता येईना," लोरिटा म्हणाली. "डेल्बर्ट म्हणाला, लोखंडी पाइप आणून लावतो. तर म्हणाल्या, लोखंड हाताला गार लागतं, माझे वासे आण. बरं, हा म्हणाला, कडेचा एखादा जुना आणतो. तेव्हा ओरडल्याच त्याच्यावर! 'या वयात आता खराब वाशाला धरून चालू का मी? पायाचे आण!' स्वतः खिडकीत बसून बघत होत्या, पायाचेच आणतोय ना हा."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही. 'कळलं तर धावत येईल,' म्हणाल्या. 'पोरीची सुई चालू दे.'" लोरिटाने हात पुन्हा पुसले. मग सांगावं की न सांगावं अशा आवाजात म्हणाली, "आणि बाहेरच्या वाशांना हात लावू देत नव्हत्या. डेल्बर्ट दोनदा उलटे करायला निघाला. म्हणाल्या, राहू दे, ते व्हर्लिनाचं काम आहे, ती येऊन करील. त्या गेल्यावरही त्याने तेच धरून ठेवलं. घोडा रुतताना बघायचा, पण हात नाही लावायचा. मी म्हटलं, अरे, कुजतील. तर म्हणाला, ताईचं काम आहे."

लोरिटा शेगडीकडे निघून गेली, आणि ते बरं झालं. व्हर्लिनाने उजवा हात वाशावर ठेवला. थोडं वाकावं लागलं. आई तिच्याहून बुटकी होती. लाकूड इतकं गुळगुळीत की तळहात आपोआप पुढे सरके, मधेच एका ठिकाणी किंचित खोलगट लागे, तिथे आई दम खायला थांबत असावी. व्हर्लिनाही थांबली. मग दोन्ही हात दोन्हीकडे ठेवून, पावलं लहान लहान टाकत, ती न्हाणीघरापर्यंत चालत गेली. अकरा पावलं. डोंगरात ज्या हातांनी ही झाडं कवटाळून मापली होती, तेच हात शेवटी त्यांना धरून चालले. झाडांनी ते निभावलं. तिला हुंदका येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच काहीतरी. कुणीतरी मागून खांदे धरून आपल्याला सरळ उभं करावं, तसं.

संध्याकाळी डेल्बर्ट आला, त्याच्याबरोबर ऑर्व्हिलही. डेल्बर्ट तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मोठेपणी बहीणभावांनी एकमेकांशी मोजकं, अदबीनं बोलावं अशी रीत, आणि डेल्बर्ट ती जरा जास्तच पाळी. ऑर्व्हिलचं बरोबर उलटं. त्याचे वडील आणि व्हर्लिनाचे वडील एका कुळाचे, म्हणून त्या दोघांत चेष्टेचं नातं. त्याने चारचौघांत वाटेल ते बोलावं आणि हिने राग न धरता परतफेड करावी.

"आल्या का शहरच्या बाईसाहेब!" ऑर्व्हिल दारातूनच ओरडला. "काय गं, सगळ्या नवऱ्या मुली उजवून झाल्या?"

"तुझ्यासाठी एक ठेवलीय. आंधळी आहे, म्हणून तयार झाली."

डेल्बर्टने मान खाली घालून हसू दाबलं. जेवताना त्याने बशीकडे पाहत लोरिटाला सांगितलं, "ताईंना म्हणावं, बोळातले वासे हवे असतील तर उद्या काढून देतो. जोड देता येईल. बाहेरचे नऊ चांगले आहेत."

"त्याला म्हणावं, ते काढायचे नाहीत," व्हर्लिनाही लोरिटालाच म्हणाली. "तिथेच राहू देत. आपल्याला नवे बारा लागतील."

"बारा!" ऑर्व्हिल म्हणाला. "मी एकटा चौदा उचलतो. करवतीला धार आहे का ते बघा."

शनिवारी सकाळी ते डोंगरात गेले. जुनी जागा डेल्बर्टला आठवत होती आणि तिलाही. पण गाडीतून उतरल्यावर ती ओळखू येईना. तेव्हा बारीक म्हणून सोडलेली झाडं आता कवेत न मावणारी झाली होती. अर्ध्या उतारावर किडीने खाल्लेली, तांबड्या वाळक्या पानांची झाडं उभीच्या उभी मेलेली. तिच्या मनातला तो दाट, अंधारा, गार उतार जगात कुठे उरलाच नव्हता. चार तास ते वर वर चढत राहिले. ऑर्व्हिल प्रत्येक वाकड्या झाडापाशी थांबे. "हे घे, तुझ्या नाकासारखं सरळ आहे." ती उत्तरादाखल खडे फेकी, पण आतून घाबरली होती. आपल्याला सगळं आठवतंय असं तिला काल वाटत होतं. आईची मान, आईचा मिटलेला डोळा, आईचं हसू. पण आई नेमकं काय पाहत होती ते कुठे आठवत होतं? आठवण होती ती आईची. झाडाची नव्हती.

ओढ्यापलीकडच्या उतारावर शेवटी तो दाटपणा पुन्हा लागला. मनगटापासून मांडीइतकी, शेकड्यांनी, एकमेकांना खेटून उभी असलेली झाडं. डेल्बर्टने एकाकडे हनुवटीने खूण केली. व्हर्लिना त्याला बिलगून उभी राहिली, पंजे लावले, भोवती फिरली. तिकडून पाहिल्यावर ते पोटात वाकलेलं निघालं. तिने मान हलवली. दुसरं. नको. तिसरं. नको. "हिला नवरासुद्धा असाच मिळाला नाही," ऑर्व्हिल पुटपुटला. चौथ्याला तिने हात लावला आणि अंगठ्याला अंगठा टेकला. बोटं मात्र बोटांवर चढली, कारण तिचे हात आईच्या हातांपेक्षा मोठे होते. मग बोटं चढल्यावर हे आईच्या मापाचं की बारीक? तिने डोळे मिटले. रोज शंभरदा ती हेच करत होती की! कापड कुठे ताणलंय, कुठे ढिलं आहे, शिवण कुठे पळतेय, हे डोळ्यांच्या आधी तिच्या हातांना कळे. तिने हात पोचतील तिथवर बुंध्यावरून हळूहळू वर नेले.

"हे," ती म्हणाली.

तंबाखू तिने ठेवली. शब्द मात्र आठवेनात. दोनतीन शब्द आले आणि पुढची वाट बुजली. ती तशीच वाकून राहिली. तेव्हा मागून डेल्बर्टने हलक्या आवाजात पुढचे शब्द म्हटले, थांबत थांबत, आणि तिने ते त्याच्यामागून म्हटले. ऑर्व्हिलनेही टोपी काढली होती.

करवत आरपार गेली, पण झाड पडेना. पडायला जागाच नव्हती. शेजारच्या झाडांच्या खांद्यांवर मान टाकून ते उभंच राहिलं. तिघांनी बुडखा धरून ओढला. हलेना. पुन्हा ओढला. "एक, दोन..." ऑर्व्हिलने तीन म्हणायच्या आधीच वरून काहीतरी सुटलं, झाड सरसरत आलं आणि व्हर्लिना मागच्या मागे पालापाचोळ्यात बसली, पाय आकाशात.

"बघा!" ऑर्व्हिल ओरडला. "हिला बसायला सांगा, वासा काय, डोंगर हलवील!"

आधी हसला तो डेल्बर्ट. मोठ्याने, खदखदून, पोट धरून. ते हसू तिने दीड वर्षात ऐकलं नव्हतं. ते ऐकत ती तिथेच पालापाचोळ्यात पडून राहिली, मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून जे वाहायचं ते वाहून गेलं.

संध्याकाळपर्यंत बारा झाली. घरी आणून पहिला वासा घोड्यांवर चढवल्यावर तिने पातं ओढलं. जूनचा रस चढलेला होता, साल लांबच्या लांब पट्टीने निघाली. आतली पातळ, ओली, पांढरी साल तिने नखाने सोडवली. या दिवसांत ती गोड लागते. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि दुसरा, लोरिटाकडे न देता, सरळ भावापुढे धरला. डेल्बर्टने तो घेतला. सावकाश चघळला. "अजून पंधरा दिवस राहील गोडी," तो म्हणाला. तिच्याकडे पाहून म्हणाला.

पुढचे दोन महिने ती दर शनिवारी येत राहिली. कॉनीने आधी धुसफूस केली, मग शनिवारची लग्नं दुसरीला दिली. ओले वासे सावलीत एकत्र घट्ट बांधून वाळवायचे, दर आठवड्याला सोडून उलटायचे, पुन्हा बांधायचे. नऊ जुन्या वाशांचे कुजायला लागलेले बुडखे वीतभर कापून पुन्हा टोक काढलं, राखाडी अंग घासलं. आईच्या हयातीत ते असेच दर काही वर्षांनी वीत वीत तोकडे होत आले होते. ऑर्व्हिलने रुतलेल्या घोड्याखाली दगडी फरशी घातली. यातल्या कशाचंही कुणी कौतुक केलं नाही. काम होतं, ते होत गेलं.

ऑगस्टमध्ये नदीकाठी जत्रेच्या माळावर टिपी उभी राहिली. पायाचे चार, दोन जुने आणि दोन नवे, तिने स्वतः बांधले. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. शेकडो टिप्यांच्या गर्दीत कापडाच्या वर फाकलेली तिची टोकं लांबूनही ओळखू येत. काही राखाडी, काही पांढरी. दुपारी माणसांची ये-जा चालू असताना मॅगडलीन आत्या काठी टेकत आली. वडिलांच्या कुळातली, नव्वदीची, डोळ्यांनी अधू. दाराशी थांबून तिने हाताने चाचपडत सगळ्यात जवळचा वासा धरला. तळहात खालून वर फिरवला, वरून खाली आणला.

"कुणाची गं ही टिपी?"

"एल्सिनाची," व्हर्लिना म्हणाली. आयुष्यभर असंच म्हणत आलेली.

"एल्सिना गेली," म्हातारी म्हणाली. आवाजात कठोरपणा नव्हता, दुःखही नव्हतं. "तिच्यामागे वाटली त्यातली घोंगडी मी घेतलीय. मी विचारतेय, टिपी कुणाची?"

बाहेर घोडे चालले होते, कुणीतरी ध्वनिक्षेपकावर शर्यतीची नावं वाचत होतं. व्हर्लिनाने वर पाहिलं. वाशांच्या मिठीतून आभाळाचा तुकडा दिसत होता. मग तिने आत्याला आपलं नाव सांगितलं. फक्त नाव.

"मग उभी काय राहिलीस?" आत्या म्हणाली, आणि वाकून आत येत पाहुणीच्या जागेवर, मागच्या बाजूला, ऐसपैस बसली. "कॉफी ठेव. आणि साखर जास्त घाल, तुझी आई कंजूषपणा करायची."